रुग्णालयातील दुभाषी (कोकण किनारपट्टी)

डॉक्टर आणि रुग्ण यांची भाषा वेगळी असते, तेव्हा दोघांचे बोलणे काही न गाळता, न वाढवता एकमेकांपर्यंत पोहोचवणारी व्यक्ती म्हणजे रुग्णालयातील दुभाषी.

कोकणात ही गरज चटकन दिसत नाही, कारण इथे सगळ्यांना मराठी कळते असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात रायगडात आगरी आणि कातकरी, रत्नागिरीत संगमेश्वरी, सिंधुदुर्गात मालवणी बोलतात. आंबाबागांचे राखणदार आणि मच्छीमार नौकांवरचे खलाशी अनेकदा नेपाळी असतात. त्यांचे हिंदी कामापुरते चालते, पण दुखणे आपल्याच भाषेत तोंडी येते: ‘रिंगटा लाग्यो’, म्हणजे चक्कर आली. जवळच्या भाषा तर जास्त फसवतात. सिंधुदुर्गातले गंभीर रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेले जातात. तिथे कोकणीत ‘जोर’ आहे का असे विचारले, तर ती तापाची चौकशी असते. मराठी कानाला ती ताकदीची चौकशी वाटते.

एका शब्दाने आयुष्य बिघडू शकते. १९८० मध्ये फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत आणले. खाण्यातून काही बाधले असावे, या अर्थी घरच्यांनी ‘इंटॉक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. डॉक्टरांनी अमली पदार्थाची बाधा समजून उपचार केले. मेंदूतला रक्तस्राव उशिरा कळला आणि तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले. ऑस्ट्रेलियाने १९७३ मध्येच दूरध्वनीवरून दुभाषी सेवा सुरू केली होती.

कोकणात हे काम आयाबाई, वॉर्डबॉय, आशाताई, नौकेचा तांडेल (नौका चालवणारा प्रमुख) किंवा घरचे लोक करतात. त्यांच्या मदतीवाचून अनेक तपासण्या अडतील, तरी या कामाची नोंद कुठे होत नाही, ही मोठी उणीव आहे. नातेवाइकाकडून दुभाष्याचे काम करून घेण्यात धोकाही असतो. ‘अंगावरून जातंय’ हे बाई मुलासमोर किंवा सासऱ्यासमोर सांगत नाही. कर्करोगाचे निदान घरचे मध्येच गाळतात. लहान मुलावर तर हे ओझे कधीच टाकू नये.

प्रशिक्षित दुभाषी प्रथम पुरुषी बोलतो: ‘तिला दुखतंय’ नव्हे, ‘मला दुखतंय’. शब्द कळला नाही तर अंदाज न बांधता पुन्हा विचारतो आणि ऐकलेले बाहेर बोलत नाही. डॉक्टरने त्याच्याकडे नव्हे, रुग्णाकडे पाहून बोलायचे असते. शेवटी गोळी कधी, किती घ्यायची हे रुग्णाकडूनच त्याच्या शब्दांत वदवून घेतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार संमती घेण्यापूर्वी रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणे बंधनकारक आहे.