पराभव आणि चाहत्याचे वय

आपला संघ हरल्यावर चाहत्याला होणारे दुःख, येणारा राग आणि वाटणारी लाज वयानुसार कशी बदलत जाते, हा क्रीडा मानसशास्त्राचा एक विषय आहे. वय वाढले की माणूस खेळाकडे थंडपणे पाहू लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हार किती खोल लागणार, हे मुख्यतः संघाशी असलेल्या नात्यावर ठरते. वयाने बदलतो तो तिचा मुक्काम आणि तिच्यातून बाहेर पडण्याची रीत. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल सामन्याच्या वेळी गॅलरीत एकाच घरातले आजोबा, वडील आणि नातू एकाच तालमीचे, म्हणजे मूळच्या कुस्तीच्या आखाड्यातून उभ्या राहिलेल्या मंडळाच्या संघाचे, समर्थक म्हणून बसलेले असतात, त्यामुळे हा फरक तिथे एकाच सामन्यात दिसून येतो.

नात्याचा हा भाग संशोधनात चांगला तपासलेला आहे. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी 1976 साली अमेरिकी विद्यापीठांत पाहणी केली. अमेरिकी फुटबॉलचा सामना जिंकल्यावर सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढत. विजयाबद्दल बोलताना ‘आपण जिंकलो’ ही भाषा येई आणि पराभवाबद्दल बोलताना ती ओसरे. मात्र संघाशी घट्ट बांधलेल्या चाहत्याला असे हात झटकता येत नाहीत. एडवर्ड हर्ट आणि सहकाऱ्यांच्या 1992 सालच्या प्रयोगांत तर असे दिसले, की आपल्या संघाचा पराभव पाहिलेले निष्ठावान चाहते स्वतःच्या कौशल्याचा अंदाजही कमी लावतात. हरतो संघ, पण पाहणाऱ्याची स्वतःबद्दलची किंमत खाली येते.

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये हे नाते विशेष दाट आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही मूळची तालमींची नावे. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ यांचाही जीव त्यांच्या भागात आहे. गणपतीची मिरवणूक, शिवजयंती आणि फुटबॉल यांत राबणारी पोरे तीच असतात. मैदानावरचा खेळाडू शेजारच्या गल्लीतला, आणि ज्यांच्याकडून हरलो तेही चार गल्ल्यांपलीकडचे. दूरच्या शहराच्या संघाकडून हरले तर टीव्ही बंद करता येतो. इथे मात्र दुसऱ्या दिवशी तीच माणसे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर भेटतात. म्हणून कोल्हापुरात ईर्षा हा शब्द फुटबॉलच्या बातम्यांत इतक्या सहज येतो.

लहान मूल पराभवानंतर मोठ्याने रडते आणि थोड्या वेळात दुसऱ्या कशात रमते. बहुतेक वेळा त्याने आपला संघ निवडलेलाच नसतो. हलगीच्या तालावर खांद्यावर बसून तो मिळालेला असतो. कठीण काळ सुरू होतो तो साधारण बाराव्या-तेराव्या वर्षापासून. किशोरवयात भावना तीव्र होतात, पण त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. त्यातच ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर या वयात बहुतांशी मित्रांच्या टोळक्यातून मिळते. अकरावीतल्या मुलाकडे नोकरी नसते, घर चालवण्याची जबाबदारी नसते. तालीम असते. ती हरली की त्याच्याकडचे जवळजवळ सगळेच हरते. टायब्रेकरमध्ये सामना गेल्यावर गॅलरीत होणारी हुल्लडबाजी, पंचांवरचा राग आणि त्यासाठी लागणारा पोलीस बंदोबस्त यांचा विचार करताना हे लक्षात घेतले पाहिजे. दगड उचलणाऱ्याचे समर्थन होऊ शकत नाही, पण त्याला नुसते टवाळखोर म्हणून सोडून देण्याने काही साधत नाही. त्याच्या मनात त्या क्षणी खरे दुःख असते आणि ते ठेवायला दुसरी जागा नसते.

तिशी-चाळिशीत ती जागा मिळू लागते. दुकान, नोकरी, मुलांच्या परीक्षा, ऊसबिलाची वाट, अशा अनेक गोष्टींत माणूस वाटला गेला की एका ठिकाणचा फटका सगळ्यावर पसरत नाही. दुःख होते, पण सोमवारी सकाळी कामावर जावेच लागते. शिवाय या वयात एक नवे ओझे येते: स्वतःची निराशा गिळून शेजारी रडणाऱ्या मुलाला सावरण्याचे.

कोणता पराभव आयुष्यभर ठसठसत राहतो, यालाही वयाचा नियम आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला पुढे सर्वांत ठळकपणे आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासातून वारंवार दिसले आहे. क्रिकेटच्या गप्पांत याचा पडताळा येतो. आज साठीच्या आसपास असलेल्यांना 18 एप्रिल 1986 चा शारजा विसरता येत नाही, जिथे शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना जावेद मियांदादने चेतन शर्माला षटकार मारला. त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्यांना 1996 ची ईडन गार्डन्सवरची उपांत्य लढत आठवते. 8 बाद 120 धावा झाल्या असताना प्रेक्षकांच्या गोंधळामुळे तो सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि विनोद कांबळी रडत बाहेर पडला. पुढच्यांसाठी 2003 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली जोहान्सबर्गची 125 धावांची हार आहे, आणि आजच्या कॉलेजच्या मुलांसाठी 19 नोव्हेंबर 2023 चा अहमदाबादचा अंतिम सामना. कोल्हापुरात या यादीत ब्राझीलही येतो. फुटबॉल विश्वचषकाच्या दिवसांत इथल्या पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात वाटल्या जातात, झेंडे आणि फलक चौकात उभे राहतात. 8 जुलै 2014 ची जर्मनीविरुद्धची 1-7 ही हार भारतात रात्री दीड वाजता सुरू झालेल्या सामन्यातली. ती जागून पाहिलेल्या पोरांनी तो आकडा पुढे कितीतरी वर्षे अर्जेंटिनावाल्यांच्या तोंडून ऐकला.

उतारवयाबद्दल मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सेन यांचा सिद्धांत महत्त्वाचा आहे. पुढे उरलेला काळ मर्यादित आहे हे जाणवू लागले की माणूस भावनिकदृष्ट्या अर्थपूर्ण गोष्टींकडे वळतो आणि नकारात्मक गोष्टींत कमी गुंततो, असे तो सांगतो. तालमीच्या कट्ट्यावर ऐकले तर हे पटते. पराभवानंतर तरुण पोरगा पंचाला किंवा नशिबाला बोल लावतो, नाहीतर ‘पोरांनी मॅच घालवली’ म्हणून मोकळा होतो. म्हातारी माणसे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरक्षकाने काय झेप घेतली ते सांगत बसतात. ही सवय कुस्तीतून आलेली असावी असे मला वाटते. शाहू महाराजांनी 1912 मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानात आपला मल्ल चितपट झाला तरी जुना जाणकार आधी डाव कोणता लागला ते विचारतो. घडलेल्या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने पाहून भावना हलकी करण्याला मानसशास्त्रात पुनर्मूल्यांकन म्हणतात. वस्तादांच्या हाताखाली ते न शिकवताच शिकले जाते, आणि या शहराने जपण्यासारखी ही गोष्ट आहे.

मन शांत झाले तरी शरीर तितके शांत नसते. 2006 च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या 2.66 पट झाल्याचे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आधीपासून हृदयविकार असलेल्यांत हे प्रमाण सुमारे चारपट होते. धोका निकालापेक्षा ताणाचा होता. अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टींवर जिंकलेल्या सामन्याच्या दिवशीही घटना वाढल्या. वयस्क शरीर एकदा उत्तेजित झाले की पूर्ववत व्हायला वेळ घेते. गॅलरीत शांत दिसणाऱ्या आजोबांची काळजी म्हणूनच नातवापेक्षा जास्त घ्यायला हवी.

पराभवाचा भार नेहमी चाहताच वाहतो असेही नाही. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी 2011 मध्ये दाखवले, की अमेरिकी फुटबॉलमध्ये जिंकण्याची अपेक्षा असलेला स्थानिक संघ हरला की पुरुषांकडून घरात स्त्रियांवर होणारी हिंसा सुमारे 10 टक्क्यांनी वाढते. अपेक्षित पराभवानंतर अशी वाढ दिसली नाही. वाईट वाटण्याला वय नसते, पण ते घरातल्या माणसावर काढण्याला कोणत्याही वयाची सबब चालत नाही.

वयाबरोबर तीव्रता ओसरते, या नियमाला ठळक अपवादही आहे. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर ज्यांच्या आयुष्यातली इतर नाती विरळ होतात, त्यांच्याकडे कधी कधी संघच पुन्हा मुख्य नाते म्हणून येतो. अशा सत्तरीतल्या माणसाची हारेनंतरची अवस्था पंधरा वर्षांच्या मुलासारखी असते, फक्त तो ओरडत नाही. हंगाम साधारणपणे पावसाळ्यापूर्वी संपतो आणि मग त्याच्याकडे पुढच्या लीगपर्यंत काही महिने मोकळे उरतात. या काळात तालमीत त्याला बोलावणारे कोणी आहे की नाही, यावर त्याचे सावरणे बरेचसे अवलंबून असते.