मॅनेजर पायजे का कोच?

5 जानेवारी 2026 ची संध्याकाळ. पानठेल्यासमोर पऱ्हाट्यांची शेकोटी पेटली होती, ठेलेवाला पन्नीवर खर्रा घोटत होता, अन् माझा पुतण्या मोबाइल नाचवत आला. "काका, मॅनेजरले काढून टाकलं!"

जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारे आमचे एक काका शेकोटीला पाय लावून बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोनत्या ब्रँचच्या?"

मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबच्या, रुबेन अमोरिमला, असं कळल्यावर काकांचा रस संपला, पण पोरांचा सुरू झाला. एक म्हणाला झिदान आणा, स्पेनच्या रियल माद्रिदला युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, लागोपाठ तीनदा त्यानंच जिंकून दिली. दुसऱ्याला ग्लासनर पाहिजे होता, कारण क्रिस्टल पॅलेससारख्या संघाला त्यानं 2025 चा एफए कप (इंग्लंडच्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा) जिंकून दिला. तिसरा म्हणाला, बाहेरचे लय झाले, आता आपल्याच क्लबात खेळलेला पाहिजे. तासभर नुसती नावं उडत होती. शेवटी काकाच वैतागले. "अबे, पण त्या मानसाचं काम काय असते ते तं सांगा! हा पोरगा मॅनेजर म्हनते, तो कोच म्हनते. दोन मानसं हायेत का एकच?"

एकाही पोराला धड उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते तिथल्या तिथं नीट मांडता आलं नाही. घरी येऊन जुळवलं, ते हे.

गोंधळाची निम्मी जबाबदारी आपल्या क्रिकेटची. क्रिकेटमध्ये कोच मोठा अन् मॅनेजर लहान. 1983 चा वर्ल्ड कप आपण जिंकला तेव्हा संघासोबत कोच नव्हताच. पी. आर. मान सिंग मॅनेजर होते, म्हणजे दौऱ्याची व्यवस्था बघणारे. पुढं 1990 च्या दशकात अजित वाडेकर मॅनेजर झाले. पाटी मॅनेजरची, काम बरंचसं कोचचं. 2000 मध्ये जॉन राइट आले अन् कोच हा शब्द पक्का झाला. विदर्भानं 2017-18 आणि 2018-19 असे लागोपाठ दोन रणजी करंडक आणले तेव्हा चंद्रकांत पंडितांचं नाव आमच्या पानठेल्यापर्यंत पोचलं. त्या संघाचा मॅनेजर कोण होता, हे मी शेकोटीभोवती विचारून पाहिलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये ही उतरंड उलटी आहे. तिथं मॅनेजर मोठा, अन् हेड कोच त्याच्यापेक्षा एक पायरी खाली. पायरी कुठं बदलते, हे आपल्या शेतावरून चटकन कळतं.

कोणी शेत मक्त्यानं घेतो तेव्हा सातबारा मालकाच्याच नावावर राहतो, पण त्या वर्षी पऱ्हाटी लावायची की सोयाबीन, बियाणं कोणत्या कंपनीचं, फवारणी कधी, मजूर किती, हे मक्तेदार ठरवतो. मालक बांधावर येऊन बघून जातो. जुन्या वळणाचा मॅनेजर म्हणजे हा मक्तेदार. सालगडी पाडव्याला ठरतो. वखरणी, डवरणी, फवारणी, रात्रीची जागल, सगळं तोच करतो, अन् पुष्कळदा मालकापेक्षा त्याला शेतीतलं जास्त कळतं. पण बियाण्याची पाकिटं मालक तालुक्याहून आणून त्याच्या हातात ठेवतो. हेड कोच म्हणजे हा सालगडी. (पगाराची तुलना करू नका, डोकं फिरेल.) फुटबॉलमध्ये बियाणं म्हणजे खेळाडू. ते कोण निवडतो अन् कोण विकत घेतो, इथंच दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

मक्तेदारी काय असते ते बघायचं तर सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. नोव्हेंबर 1986 मध्ये युनायटेडला आले अन् 2013 पर्यंत राहिले. पहिला करंडक, एफए कप, 1990 मध्ये मिळाला. पहिली लीग 1992-93 च्या हंगामात. म्हणजे लीगसाठी सहा-सात वर्षं थांबावं लागलं, अन् मग एकूण तेरा झाल्या. या काळात कोणता खेळाडू आणायचा, कोणता कितीही मोठा असला तरी विकायचा, खालच्या वयाच्या पोरांचं शिक्षण कसं व्हायचं, सगळ्यावर त्यांचा हात. आणि गंमत अशी की मैदानावरचा रोजचा सराव बहुतांशी ते स्वतः घेतच नसत. आधी अ‍ॅबर्डीन या स्कॉटिश क्लबात असताना त्यांचे सहायक आर्ची नॉक्स यांनी विचारलं होतं, की सगळं तुम्हीच करणार तर मला आणलं कशाला? फर्ग्युसन सुरुवातीला चिडले. मग सराव सहायकाकडे सोपवून बाजूला उभे राहिले, आणि बाजूनं जे दिसतं ते शिटी तोंडात धरून दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. कोणता पोरगा आज उदास आहे, कोणाचा पाय दुखतो पण तो सांगत नाही, कोणाच्या अंगात आळस शिरला आहे. युनायटेडमध्ये ब्रायन किड, स्टीव्ह मॅक्लॅरेन, कार्लोस केरोझ यांनी सराव घेतला. फर्ग्युसन बघत राहिले. म्हणजे इंग्लंडचा सगळ्यात नावाजलेला मॅनेजर कोच म्हणून फार थोडा वेळ मैदानात होता. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "हे तं आमच्या जुन्या मालकासारखं झालं. बांधावर हुबा राहून कोनत्या बैलाचा खांदा सुजला, सांगे."

फर्ग्युसनच्या आधीही ही परंपरा होती. लंडनच्या आर्सेनल क्लबचे हर्बर्ट चॅपमन 1925 ते 1934 मॅनेजर होते. मैदानाजवळच्या भुयारी रेल्वे स्टेशनचं नाव गिलेस्पी रोड होतं. चॅपमननी पाठपुरावा करून 1932 मध्ये ते आर्सेनल करून घेतलं. संघ खेळवणाऱ्या माणसानं रेल्वेच्या पाटीपर्यंत हात घालायचा! आमच्याकडे एसटीचा एक थांबा शंभर मीटर पुढं सरकवायला किती अर्ज लागतात, ते मला ठाऊक आहे.

इंग्लंडबाहेर मात्र ही मक्तेदारी फारशी रुजली नाही. स्पेन, इटली, जर्मनीत या माणसाला त्यांच्या भाषेत सराव घेणारा असंच म्हणतात. इटलीत खेळाडू त्याला 'मिस्टर' अशी हाक मारतात. 1912 मध्ये जिनोआ क्लबात आलेल्या विल्यम गार्बट या इंग्रज प्रशिक्षकापासून ही सवय पडली असं मानतात. खरेदी-विक्री तिकडं वेगळा माणूस बघतो. त्याला स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणा नाहीतर फुटबॉल डायरेक्टर.

आता इंग्लिश क्लबही त्याच वाटेनं निघाले. कारण हिशेबाचं आहे. मॅनेजर दोन वर्षांत जातो, पण त्यानं आपल्या पद्धतीसाठी घेतलेले खेळाडू पाच-पाच वर्षांच्या करारानं क्लबच्या गळ्यात राहतात. नवा येतो, म्हणतो मला हे नकोत, पुन्हा कोट्यवधी पौंडांची खरेदी. युनायटेडनं फर्ग्युसननंतर हेच भोगलं. डेव्हिड मॉइसला सहा वर्षांचा करार दिला अन् दहा महिन्यांत, एप्रिल 2014 मध्ये, घरी पाठवलं. मग व्हान गाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग. एकानं पऱ्हाटी पेरली, दुसऱ्यानं मोडून तूर टाकली, तिसरा आला तर शेतात दोन्हीची धसकटं.

म्हणून क्लब म्हणतात, बियाणं आम्ही ठरवतो, तू मशागत कर. लिव्हरपूलमध्ये 2015 ते 2024 युर्गन क्लॉप मॅनेजर होते. त्यांच्या जागी आर्ने स्लॉट आले ते हेड कोच म्हणून, अन् पहिल्याच हंगामात, 2024-25 ला, लीग जिंकले. पद लहान केलं म्हणून पीक कमी आलं असं झालं नाही. अर्थात क्लॉपनं तयार केलेलं रान आयतं मिळालं होतं, हेही विसरू नये.

युनायटेडनं नोव्हेंबर 2024 मध्ये रुबेन अमोरिमला आणलं, तेव्हा त्यांनाही हेड कोच हेच पद दिलं. त्याआधीचे सगळे मॅनेजर होते. बातमीत हा शब्द होता, पण आमच्या पोरांनी तो वाचून सोडून दिला. सगळे अमोरिमला मॅनेजरच म्हणत राहिले. अमोरिमचा खेळ 3-4-3 चा, मागं तीन बचावपटू अन् दोन्ही कडांना पळणारे दोन गडी. हातात आलेले खेळाडू दुसऱ्याच पद्धतीसाठी घेतलेले. 2024-25 ला संघ लीगमध्ये 15 वा आला, अन् युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा, युरोपा लीग, तिची फायनल टॉटनहॅमकडून 0-1 ने गेली. पुढच्या हंगामात खरेदी अन् अधिकार यावरून आतल्या आत कुरबुर वाढली. 4 जानेवारी 2026 ला लीड्सशी 1-1 बरोबरी झाल्यावर अमोरिमनी पत्रकारांसमोर सरळ सांगितलं, की मी इथं नुसता कोच व्हायला नाही, मॅनेजर व्हायला आलो आहे. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

म्हणजे पानठेल्यावर काकांनी विचारलेला प्रश्न अन् मँचेस्टरमध्ये पेटलेला प्रश्न एकच होता. पुतण्याला मी हे म्हणालो तर तो म्हणाला, "मंग काका जिनिंगमंधी काहून बसले?"

पण इथं एक खोच आहे, अन् ती सांगितल्याशिवाय विषय अर्धा राहील. पाटी अन् सत्ता या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदत नाहीत. वॉल्टर विंटरबॉटम 1946 मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे पहिले मॅनेजर झाले, 1962 पर्यंत राहिले. पद मॅनेजरचं, पण संघ निवडायची एक समिती! कोणाला खेळवायचं ते दुसरे ठरवणार, हरला की नाव विंटरबॉटमचं. 1963 मध्ये अल्फ रॅम्सी आले ते अट घालूनच, की संघ मी एकटा निवडीन. 1966 चा वर्ल्ड कप इंग्लंडनं जिंकला तो त्यांच्या हाताखाली.

उलटंही होतं. आर्सेन वेंगर आर्सेनलमध्ये 1996 ते 2018, बावीस वर्षं मॅनेजर. ते गेल्यावर क्लबनं पद छाटून उनाई एमेरींना हेड कोच केलं, डिसेंबर 2019 मध्ये मिकेल आर्तेतांनाही तेच दिलं. आर्तेतांनी एफए कप आणला, अन् सप्टेंबर 2020 मध्ये क्लबनं त्यांना बढती देऊन मॅनेजर केलं. सालगड्याचं काम पाहून मालकानं शेतच मक्त्यानं दिलं म्हणा ना.

आणि ज्याची पाटी मॅनेजरची, तोही सगळं बियाणं स्वतः निवडतो असं नाही. 2017 मध्ये मोहम्मद सलाहला घ्यावं म्हणून लिव्हरपूलचं खेळाडू शोधणारं पथक क्लॉपच्या मागंच लागलं होतं. क्लॉपच्या मनात दुसराच खेळाडू होता. क्लॉपनी ऐकलं, अन् नंतर मोकळेपणानं कबूलही केलं. मला हा किस्सा फर्ग्युसनच्या कोणत्याही किश्शापेक्षा जास्त आवडतो. मक्तेदारानं शेजाऱ्याच्या सांगण्यावरून वाण बदलला अन् बंपर पीक आलं, हे गावात कोणी कबूल केलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

आता पोरांच्या यादीकडे परत येऊ. झिदान आणा म्हणणाऱ्यानं आधी हे सांगावं, की कोणत्या खुर्चीवर. रियल माद्रिदमध्ये मॅनेजरची इंग्लिश छापाची मक्तेदारी नसतेच; तिथं खरेदीचा शेवटचा शब्द क्लबचा. म्हणजे झिदानला हेड कोचची चौकट परकी नाही. ग्लासनरही मागं तीन बचावपटू ठेवून खेळवणारे. क्लबनं अमोरिमसाठी अर्धंमुर्धं बियाणं भरून ठेवलं, त्यावर तेच पीक घ्यायचं असेल तर ते नाव शहाणपणाचं. मोडायचं असेल तर अजिबात नाही. आणि 'फर्ग्युसनसारखा पाहिजे' असं ज्याला वाटतं, त्याला माणूस नाही, आधी पद बदलून मागावं लागेल. ती मागणी मालकाकडे करायची असते. नावांच्या यादीत ती बसत नाही. माझं मत विचाराल तर मक्तेदारीचे दिवस गेले, अन् मोठ्या क्लबात ते परत येतील असं मला वाटत नाही. पुतण्याला हे पटत नाही. त्याचा जन्म झाला तेव्हा फर्ग्युसन निवृत्तीला आले होते, तरी पटत नाही.

केअरटेकर आणि इंटरिम असे आणखी दोन शब्द बातम्यांत येतात. त्यात फार अडकू नका. सालगडी अर्ध्या वर्षात गेला की जनावरांना चारापाणी करायला शेजारच्याला दोन दिवस बोलावतात, तो केअरटेकर. पीक निघेपर्यंत ठरवलेला तो इंटरिम. अमोरिम गेल्यावर आधी क्लबचेच जुने खेळाडू डॅरेन फ्लेचर दोन सामने उभे राहिले, मग दुसरे जुने खेळाडू मायकल कॅरिक यांना हंगाम संपेपर्यंत आणलं. कॅरिकनी 2021 मध्येही सोल्शार गेल्यावर तीन सामने सांभाळले होते. दोन जिंकले, एक बरोबरीत सोडवला.

कॅरिकची बातमी आली त्या दिवशीही शेकोटी होती. पुतण्यानं मोबाइल सुपारीच्या डब्याला टेकवून ठेवला होता, अन् या खेपेला काकांनी ब्रँच विचारली नाही. हातातला खर्रा तोंडात टाकून ते म्हणाले, "मंग याले बियानं कोन आनून देईन?"

पुतण्या शोधायला लागला. स्क्रीनवर नुसतं गोल फिरत होतं. आमच्याकडे सातनंतर नेटवर्क जाते.