चेस इंजिनांना अवघड पोझिशन्स देऊन वेळ मोजायची पद्धत कुठून आली

कुठलं इंजिन (म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम) अवघड कॉम्बिनेशन, म्हणजे मोहरे देऊन-घेऊन फायदा काढणारी चालींची मालिका, किती सेकंदात शोधतं यावर आज तावातावाने वाद होतात, पण ही पद्धत चांगली चाळीस वर्षं जुनी आहे. १९८२ मध्ये इव्हान ब्रात्को आणि डॅनी कोपेक या संशोधकांनी २४ पोझिशन्सची टेस्ट काढली, प्रत्येकीला २ मिनिटं. त्यातल्या निम्म्याच टॅक्टिकल, म्हणजे डावपेचाने थेट फायदा काढायच्या, होत्या, बाकीच्यांत प्यादं नेमकं कधी पुढे सारायचं हे बघायचं होतं, आणि मला तरी हे फार शहाणपणाचं वाटतं. नंतर मात्र सगळ्यांचा भर टॅक्टिक्सवरच गेला. फ्रेड राइनफेल्डच्या जुन्या पुस्तकातल्या ३०० पोझिशन्स प्रोग्रामर लोक सर्रास वापरायचे, पण हार्डवेअर वाढलं तशा त्या फारच सोप्या पडायला लागल्या, मग पिएर नोलोच्या ११ पोझिशन्स आल्या आणि त्यांनी नव्वदच्या दशकातल्या इंजिनांना घाम फोडला.

सगळ्यात गाजलेली पोझिशन म्हणजे स्पेनमधली लिनारेस स्पर्धा, १९९८, ग्रँडमास्टर तोपालोव्ह (पांढरा) विरुद्ध शिरोव्ह (काळा). विरुद्ध रंगांचे उंट, म्हणजे एकाचा उंट पांढऱ्या घरांवर आणि दुसऱ्याचा काळ्या, त्यामुळे काळ्याकडे प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीकडे चाललाय असं वाटतं, आणि ४७व्या चालीला शिरोव्ह उंट थेट एच३ वर नेऊन फुकट देतो! का, तर पांढऱ्याने तो मारला की काळ्या राजाला एफ५ मार्गे ई४ गाठायला हवी ती एक चाल मिळते. इंजिनांना हे वर्षानुवर्षं दिसत नव्हतं कारण फुकट मोहरा देणाऱ्या चालीचा फायदा खूप खोलवर जाऊन दिसतो, आणि वेग वाढवायला इंजिन वाईट दिसणाऱ्या चाली वरवरच तपासतं. झुगझ्वांगमध्ये, म्हणजे कुठलीही चाल केली तरी नुकसानच अशा अवस्थेत, तर अजून वांधे, कारण नल मूव्ह प्रूनिंग नावाच्या युक्तीमध्ये इंजिन आपली पाळी सोडूनही पोझिशन चांगली राहतेय का ते बघतं आणि राहिली तर ती फांदीच (पुढच्या चालींचा तो सगळा पर्याय) छाटतं, पण झुगझ्वांगमध्ये पाळी सोडणं हीच सगळ्यात भारी चाल असते ना, म्हणून हिशोबच चुकतो.

म्हणून नुसते सेकंद बघून इंजिनांची ताकद ठरवू नका प्लीज. छाटणी कमी केली की अशी कोडी लवकर सुटतात पण मॅचमध्ये तेच इंजिन मार खातं. शिवाय थ्रेड्स (एकाच वेळी समांतर चालणारे शोध) जास्त लावले तर तीच पोझिशन दर वेळी वेगळ्या वेळात सुटते. प्लास्केटचं कोडं म्हणून गाजलेल्या एका फार अवघड पोझिशनवर २०२२ मध्ये पेपर आला होता, त्यात स्टॉकफिश या इंजिनाला उत्तर सापडलं, लीला या दुसऱ्या इंजिनाला नाही, आणि लीला तेव्हा जगातल्या सगळ्यात तगड्या इंजिनांपैकी एक होती.