पाय काढला की हवा जाते कुठे?

सायकलच्या पंपाच्या नळीवर अंगठा घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या रेटा. चार-पाच वेळा रेटलं की हात भरून येतो आणि पंपाचं बूड तापतं. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावलेल्या इंजिनात थ्रॉटल नको त्या जागी बसवला, तर असंच काहीसं होतं.

थ्रॉटल म्हणजे हवेच्या वाटेतली फिरती चकती. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते, सोडला की मिटते. पेट्रोल गाडीत आपण पायाने हवा मोजत असतो. पेट्रोल त्या मापाने मागून येतं. साध्या इंजिनात चकती कुठे बसवायची याचा फारसा घोळ नसतो. सुपरचार्जर आला की प्रश्न पडतो: चकती त्याच्या आधी की नंतर?

रूट्स जातीचा सुपरचार्जर घेऊ. दोन पाकळीदार रोटर एकमेकांत फिरतात आणि दर फेऱ्याला ठरावीक घनफळाची हवा उचलून पुढे टाकतात. त्याची गती क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला, बांधलेली, म्हणजे इंजिन फिरतंय तोवर याला उसंत नाही. चकती याच्या नंतर असेल आणि तुम्ही भर वेगात पाय काढला, तर दार बंद आणि आत लोटणारा मात्र चालूच. दाब चढतो, हवा तापते, फुकटचा भार इंजिनवर येतो. चकती आधी असेल, तर सुपरचार्जरचीच उपासमार होते. विरळ हवा येते, विरळच पुढे जाते.

दोन्ही पंथांच्या गाड्या १९२०च्या दशकातच धावत होत्या. मर्सिडीज एसएसकेमध्ये पेडल तळापर्यंत दाबलं की क्लचने सुपरचार्जर जोडला जाई आणि कार्ब्युरेटरमधून (हवेत पेट्रोल मिसळणारं साधन, थ्रॉटलची चकती त्यातच असते) दाबाची हवा फुंके. एरवी तो फिरतच नसे, त्यामुळे पाय काढल्यावरची कटकटच मिटली. मात्र कार्ब्युरेटरमध्ये दाबाची हवा, म्हणून पेट्रोलही तितक्याच दाबाने पोचवावं लागे. ‘ब्लोअर’ बेंटलीत उलटा कारभार. रेडिएटरच्या पुढे लोंबणाऱ्या सुपरचार्जरलाच दोन कार्ब्युरेटर जोडलेले. हवा-पेट्रोलचं मिश्रण आधीच तयार होऊन रोटरमधून जाई. खुद्द कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हा सुपरचार्जरचा उपद्व्याप मुळीच मान्य नव्हता!

पुढे मर्सिडीजनेही पक्ष बदलला. १९३७च्या डब्ल्यू १२५ या शर्यतीच्या गाडीत कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या आधी आला. कारण माठाचं. झिरपलेलं पाणी वाफ होताना माठ गार करतं, तसं पेट्रोल सुपरचार्जरमध्येच वाफ होऊन हवेची उष्णता शोषून घेतं. गार हवा दाट, म्हणून सिलिंडरमध्ये जास्त मावते. त्या इंजिनाने ५९० अश्वशक्तीच्या आसपास ताकद दिली. धोकाही होताच: सुपरचार्जर आणि पुढचा सगळा मार्ग पेटण्याजोग्या मिश्रणाने भरलेला, एक बॅकफायर (सिलिंडरमधून उलटी आलेली आग) पुरे.

आता पेट्रोल इंजेक्टरमधून थेट सिलिंडरपाशी येतं, त्यामुळे माठाचा हा फायदा सुपरचार्जरला मिळत नाही. तरी बेल्टवर चालणाऱ्या रूट्स सुपरचार्जरच्या बहुतेक गाड्यांत थ्रॉटल सुपरचार्जरच्या आधी असतो. जोडीला एक बायपास झडप असते, आणि मला विचाराल तर सगळी गंमत तिच्यात आहे. रूट्सच्या पोटात हवा दाबली जात नाही. ती दबते पुढच्या बाजूला, गर्दी झाल्यावर. त्यामुळे दोन्ही बाजूंचा दाब सारखा केला, की रोटर जवळपास नुसतेच फिरतात, खातात ते घर्षणापुरतं. हायवेवर हलक्या पायाने जाताना झडप उघडी राहते आणि पुढे टाकलेली हवा वळसा घालून पुन्हा मागे येते.

किंमत मोजावी लागते ती प्रतिसादात. चकती आणि सिलिंडर यांच्यामध्ये सुपरचार्जर, इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा), मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) एवढी पोकळी. पाय दाबल्यावर आधी ती भरायची. टर्बोवाल्या गाड्यांत हवा दाबणारा पंखा (कॉम्प्रेसर) एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि चकती सहसा त्याच्या नंतर असते. पाय काढताच अडकलेली हवा सोडून द्यावी लागते. काही गाड्यांचा तो ‘फुस्स’ आवाज त्याचाच.

रूट्सवाली एखादी गाडी बॉनेट उघडून चालू ठेवली, तर सुपरचार्जरच्या अंगाला बारक्या डबीसारखा ॲक्च्युएटर (बायपास झडप हलवणारा भाग) दिसेल. इंजिन संथ फिरताना मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम त्याची सळी आत ओढून धरतो आणि झडप उघडी राहते. कुणाला तरी झटक्यात रेस द्यायला सांगा. सळी बाहेर सरकते.