मराठी चित्रपटाचं सेन्सॉर सर्टिफिकेट: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात

पहिला चित्रपट करणारे बहुतेक निर्माते सेन्सॉरचा विचार एडिट लॉक झाल्यावर, म्हणजे संकलन अंतिम झाल्यावर करतात. तेव्हा अर्ज भरता येतो, पण त्याला जोडायचे निम्मे कागद शूटिंगच्या आधी आणि शूटिंगदरम्यानच तयार व्हायला हवे होते, हे तिथे कळतं. म्हणून ही माहिती खरं तर स्क्रिप्ट हातात असतानाच वाचावी.

सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ नुसार भारतात थिएटरमध्ये जाहीरपणे दाखवायच्या प्रत्येक चित्रपटाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. लघुपट, माहितीपट, ट्रेलर, चित्रपटगृहातली जाहिरात, यातलं काहीच सुटत नाही. फक्त ओटीटीवर किंवा यूट्यूबवर टाकायचं असेल तर या प्रमाणपत्राची गरज नाही. ओटीटीसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत आणि वयोगट प्लॅटफॉर्मच ठरवतो. चित्रपट महोत्सवापुरतं दाखवायचं असेल तर आयोजक माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेतात.

अर्ज निर्मात्याने किंवा ज्याच्याकडे हक्क आहेत त्याने करायचा. दिग्दर्शकाने स्वतःच्या नावाने करून चालत नाही, निर्माताही तोच असेल तर गोष्ट वेगळी. अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर ऑनलाइन होतो. मराठी चित्रपट सहसा मुंबई विभागीय कार्यालयाकडे जातात. मंडळाचं मुख्यालयही मुंबईतच, पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनच्या संकुलात आहे. पोर्टल निर्मात्याला स्वतः वापरता येतं, त्यामुळे ‘आपली ओळख आहे’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देण्याचं कारण मला तरी दिसत नाही. शुल्क चित्रपटाच्या लांबीवर ठरतं. ७२ मिनिटांपर्यंतचा तो लघुपट, त्यापुढचा दीर्घ.

आता कागद. कथेचा सारांश, कलाकार-तंत्रज्ञांची यादी, संपूर्ण संवाद आणि गाण्यांचे पूर्ण शब्द. संवादाची प्रत अंतिम कटवरून उतरवलेली हवी. डबिंगमध्ये बदललेली वाक्यं जुन्या स्क्रिप्टमध्ये नसतात आणि नेमका तिथेच मेळ बसत नाही. नावाची नोंदणी आणि प्रसिद्धीची मंजुरी निर्मात्यांच्या संघटनेकडून घेतात. मराठीत अनेक जण ती अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडून घेतात.

सगळ्यात जास्त चित्रपट अडकतात ते प्राण्यांवरून. परफॉर्मिंग अ‍ॅनिमल्स नियम २००१ चे आहेत. त्यानुसार कुत्रा, घोडा, शेळी, कोंबडी, काहीही कॅमेऱ्यासमोर आणायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यायची आणि शूटिंग झाल्यावर ना हरकत प्रमाणपत्र मिळवायचं. पशुवैद्यकाचा दाखलाही जोडावा लागतो. हे कागद मागच्या तारखेने तयार होत नाहीत. गावाकडची गोष्ट असेल तर अंगणात कोंबड्या येणारच, त्यामुळे लोकेशन ठरवतानाच प्राण्यांची यादी करा. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांना कामाला लावायला बंदीच आहे. बैल असतील तर कल्याण मंडळाशी आधी पत्रव्यवहार केल्याशिवाय कॅमेरा लावू नका. प्राणी संगणकावर बनवलेला असेल तर तसं पडद्यावर लिहावं लागतं आणि व्हीएफएक्सवाल्यांचं पत्र जवळ ठेवावं.

तंबाखूचंही तसंच. पात्र विडी ओढत असेल किंवा तंबाखू मळत असेल, तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांचा आरोग्य संदेश, २० सेकंदांचं दृक्‌श्राव्य निवेदन आणि त्या दृश्यात खाली ठळक इशारा, हे तिन्ही लागतं.

अर्ज झाला की तपासणी समिती चित्रपट पाहते. दीर्घ चित्रपटासाठी सल्लागार पॅनेलचे चार सदस्य आणि एक तपासणी अधिकारी असतात, त्यांत किमान दोन स्त्रिया. लघुपटासाठी एक सदस्य आणि एक अधिकारी, त्यांतली एक व्यक्ती स्त्री. २०२४ च्या नियमांनी श्रेणी बदलल्या आहेत. यू (सर्वांसाठी), ए (फक्त प्रौढांसाठी) आणि एस (डॉक्टरांसारख्या विशिष्ट गटासाठी) तशाच आहेत, पण पूर्वीच्या यूएचे (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याजोगा) आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग झाले. हे तीन वयोगट पालकांना मार्गदर्शन म्हणून आहेत, थिएटरच्या दारात कोणाचा जन्मदाखला तपासला जात नाही. ‘ए’ला मात्र १८ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. अर्ज करताना अपेक्षित श्रेणी प्रामाणिकपणे ठरवा. हाणामारी आणि शिव्यांनी भरलेल्या चित्रपटाला ‘यू’च हवं असा हट्ट धरला की कटची यादी लांबते.

कट सुचवले गेले तर म्हणणं मांडायची संधी मिळते. पटलं नाही तर पुनरीक्षण समितीकडे, म्हणजे चित्रपट पुन्हा पाहणाऱ्या मंडळाच्याच दुसऱ्या समितीकडे जाता येतं. त्यानंतर पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता थेट उच्च न्यायालय. मुदत ३० दिवसांची. या टप्प्यांना वेळ लागतो, म्हणून प्रमाणपत्र हातात येण्याआधी प्रदर्शनाची तारीख पोस्टरवर छापणं मला धोक्याचं वाटतं. खरोखर घाई असेल तर नव्या नियमांत प्राधान्याने तपासणीची सोय आहे.

प्रमाणपत्राची पूर्वीची १० वर्षांची मुदत २०२३ च्या दुरुस्तीने गेली, आता ते कायमचं असतं. पण ते मंडळाने पाहिलेल्या आवृत्तीचंच. नंतर एखादं गाणं घातलं किंवा दृश्य काढलं तरी मंडळाला कळवून मंजुरी घ्यावी लागते. आणि ‘ए’ मिळालेला चित्रपट वाहिनीला विकायचा असेल, तर टीव्हीसाठी वेगळी आवृत्ती कापून तिचं नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. वाहिनीशी करार करतानाच हा खर्च कोणाचा, हे लिहून घ्या.