मोठा आकडा म्हणजे मजबूत डिफरन्शियल?

“5.13 टाक, डिफरन्शियल तुटणार नाही,” हा सल्ला ऑफ-रोडवाले वर्षानुवर्षे एकमेकांना देतात. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारा गिअरचा संच, आणि 5.13 हे त्याचं गुणोत्तर: मोठ्या गिअरचे दात भागिले छोट्याचे. हा सल्ला चुकीचा आहे. 4.10 च्या जोडीत क्राउनला (मोठ्या गिअरला) 41 दात, पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला) 10. 5.13 मध्ये क्राउनला तेवढेच 41, पिनियनला मात्र फक्त 8. क्राउनचा व्यास तोच, म्हणजे बारीक होतो तो पिनियन! दोन्ही हातात घेऊन बघा, फरक लगेच जाणवतो. शिवाय पकड असेल तर चाकाकडे सुमारे 25 टक्के जास्त टॉर्क (फिरवण्याचा जोर) जातो, तो ॲक्सल शाफ्टला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याला, सोसावा लागतो. चाकाला तेवढाच टॉर्क देताना प्रोपेलर शाफ्टवरचा (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे येणाऱ्या दांड्यावरचा) ताण मात्र घटतो. गैरसमज बहुधा तिथूनच आला असावा. मोठे टायर असतील तर 5.13 जरूर घ्या. मजबुतीसाठी मोठ्या क्राउनचा ॲक्सलच लागतो.