शंखपुष्पी की विष्णुक्रांत? आधी फुलाच्या आत बघा

पावसाळा सरता सरता माळावर गवताच्या बुडाशी जमिनीलगत पसरलेली दोन रोपं दिसतात. दोन्हींच्या बारीक फांद्या लवदार, फुलं चपट्या नरसाळ्यासारखी. सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. एक शंखपुष्पी, म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रॅटस, आणि दुसरी विष्णुक्रांत, म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस. काष्ठौषधींच्या बाजारात दोन्ही ‘शंखपुष्पी’ म्हणूनच विकल्या जातात. केरळात तर गोकर्णालाही हेच नाव आहे, पण ती चढणारी वेल असल्यामुळे ओळखायला अवघड जात नाही. खरा घोटाळा या दोघींचाच.

पांढरी किंवा फिकट गुलाबी ती शंखपुष्पी आणि निळी ती विष्णुक्रांत, हे बहुतेक वेळा बरोबर ठरतं. पण विष्णुक्रांतीला क्वचित पांढरी फुलंही येतात, आणि वाळलेल्या जुडीत रंग उरतच नाही. म्हणून फूल हातात घ्यावं आणि भिंगातून मधोमध बघावं. शंखपुष्पीत एकच कुक्षिवृंत, म्हणजे बीजकोशावरची परागकण झेलणारी बारीक दांडी, असतो आणि त्याच्या टोकाला दोन फाटे फुटतात. विष्णुक्रांतीत कुक्षिवृंतच दोन, आणि प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे, म्हणजे टोकं चार. ही खूण चुकत नाही. लिनियसने 1753 मध्ये विष्णुक्रांतीला कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्येच घातलं होतं; पुढे 1762 मध्ये तिला इव्हॉल्व्ह्युलस या वेगळ्या प्रजातीत हलवलं.

बाकीच्या खुणा आधाराला घ्याव्यात. विष्णुक्रांतीचं फूल लहान, जेमतेम सेंटिमीटरभर, आणि बहुधा पानापेक्षा लांब, दोऱ्यासारख्या देठावर येतं. फूल गळाल्यावरही हा देठ आणि त्यावरचं खाली वळलेलं इवलंसं बोंड राहतं. वाळलेल्या मालात याचाच उपयोग होतो. शंखपुष्पीचं फूल सहसा त्याहून मोठं आणि पानं अरुंद, लांबट.

ओळख इतकी महत्त्वाची का, तर औषधासाठी पंचांग लागतं, म्हणजे मुळासकट अख्खं झाड. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथात, शंखपुष्पी म्हणून कॉन्व्हॉल्व्ह्युलस दिली आहे. तिच्या नावाखाली विष्णुक्रांत उपटली, की घेणाऱ्याला हवी ती वनस्पती मिळत नाही आणि माळावरचं एक झाड बी धरण्याआधी जातं. कागदोपत्री ‘पडीक’ ठरलेल्या गायरानांवर आधीच नांगर, प्लॉटिंग आणि वृक्षारोपणाचे खड्डे यांचं आक्रमण आहे. त्यात ही उपटाउपटी नको. लागेल तेवढी लावून घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं.

लावताना आणखी एक फसगत टाळा. रोपवाटिकेत विष्णुक्रांत मागितली की बहुतेकदा मोठ्या, गडद निळ्या फुलांचं ‘ब्ल्यू डेझ’ हाती येतं. ते मूळचं ब्राझीलकडचं, इव्हॉल्व्ह्युलस ग्लोमेरॅटस. कुंडीत सुंदर दिसतं, फांदी खोचली तरी लागतं, पण ती आपली विष्णुक्रांत नव्हे.

आपल्या दोन्हींसाठी पद्धत जवळपास एकच. बोंडं तपकिरी झाली की बी गोळा करा. एका बोंडात फार तर चार बिया मिळतात. या कुळातल्या बियांचं कवच टणक असतं, पाणी सहज आत शिरत नाही, म्हणून बारीक सँडपेपरवर हलकेच घासून रात्रभर भिजवा. पावसाच्या तोंडावर कायमच्या जागीच उथळ पेरा, कारण मूळ खोल गेल्यावर रोप हलवलेलं सोसत नाही. माती अर्धी आणि मुरूम किंवा भरड वाळू अर्धी. ऊन दिवसभर हवं. शेणखत सढळ हाताने घातलं की पाला माजतो आणि फुलं कमी येतात. पाणी साचलं तर मूळ कुजतं; इथे हात आखडताच ठेवावा.

शेतात शंखपुष्पी घेतलीत तर काढणी फुलाफळांवर असताना करा, पण सगळा वाफा एकदम उपटू नका. काही झाडं बियांसाठी राखा. फक्त पाला हवा असेल तर मूळ जमिनीत ठेवून वरून कापा. बुंधा बहुवर्षायू असल्याने पुन्हा फुटवे येतात.